जनता दार वाजवत नाही

मी एक जुना दरवाजा आहे. मित्रांनो, दरवाज्याला कसले आले आहे आत्मवृत्त, उघडला आणि लावला, संपले, असे तुम्ही मनात म्हणत असाल तर खुशाल म्हणा. पण माझ्या अंगावर महिनोन्‌महिने सरकारी कागद चिकटवलेला असे आणि एका संध्याकाळी मी उघडलो नाही म्हणून जिल्ह्याच्या समितीचा ठराव रद्द झाला. तुमच्या घरच्या दरवाज्याला विचारून पाहा, त्याच्या नशिबी असे काही आले आहे का.

माझे लाकूड रेडवूडचे. आमच्या कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर पूर्वी ओंडके नदीतून वाहून नेत. त्यातला एक बुडाला आणि तळाच्या गाळात पडून राहिला. जोआकिम अव्हिला नावाच्या मच्छीमाराला तो सापडला. त्याने साखळ्या बांधून तो बाहेर काढला आणि गावच्या लाकूडगिरणीत नेला. तिथे करवतीवर हार्लन स्टाउट होता. माझ्या फळ्या पाडता पाडता हार्लन म्हणाला, “दार झकास होईल याचं. पण चौकटीला पाइन लावू नकोस, जोआकिम. समुद्राकाठी फुगतं ते.”

जोआकिमने पाइनच लावले. घरात पडून होते ना!

त्याचे आईवडील समुद्रापलीकडच्या एका पोर्तुगीज बेटावरून आलेले. तिकडे दारे निळी रंगवतात म्हणे, म्हणून मीही निळा झालो. जोआकिमची बायको डेल्फीना शाळेची बस चालवायची. ईस्टरला ती गोड पाव भाजायची आणि दोन्ही हातांत परात असल्यामुळे मला गुडघ्याने उघडायची. आलेले पाहुणे आधी माझ्यावरून हात फिरवत आणि मग तिला विचारत, कशी आहेस? खोटे सांगत नाही.

मग जोआकिम गेला. पुढे डेल्फीनाच्या कण्याने दगा दिला आणि ती चाकांच्या खुर्चीत आली. खुर्चीसाठी उतरण बांधली ती मात्र मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी. त्या दिवसापासून टपालवाला, शेजारणी, मांजर, सगळ्यांचे येणे-जाणे तिकडून. मला कोणी हात लावीना. बिजागऱ्या गंजल्या, रंगाचे पोपडे सुटले आणि धुके पिऊन पिऊन चौकट फुगत गेली. यात माझा काडीचाही दोष नव्हता, हे इथेच सांगून ठेवतो.

आता त्या कागदाबद्दल सांगतो. आमच्या जिल्ह्यात वृद्ध आणि अपंग लोकांसाठी एक सल्लागार समिती आहे. तिच्या हातात सत्ता नाही. सल्ला द्यायचा, तो ऐकायचा की नाही ते वरचे मंडळ ठरवणार. तरी डेल्फीना त्या समितीत जीव ओतायची. बैठका व्हायच्या डोंगरापलीकडच्या मोठ्या गावी आणि त्या वळणावळणाच्या रस्त्याने जाणे तिच्या पाठीला सोसेना. घरून संगणकावर भाग घेण्याची कायद्यात सोय होती, पण एका अटीवर. सदस्य जिथून बोलतो ती जागाही सभागृहच मानायची. म्हणजे घरचा पत्ता जाहीर करायचा, बैठकीच्या तीन दिवस आधी विषयपत्रिका दारावर लावायची आणि बैठक चालू असेपर्यंत कोणीही आले तरी त्याला आत येऊ द्यायचे.

“वा!” डेल्फीना म्हणाली. “म्हणजे मला चालता येत नाही, म्हणून अख्ख्या जिल्ह्यानं माझ्या घरात चालायचं!”

“अगं, कोण येतंय?” समितीची अध्यक्षा रोवेना किर्बी फोनवरून म्हणाली. “चिकटव कागद आणि विसरून जा.”

डेल्फीना खुर्ची ढकलत बाहेरून वळसा घालून आली आणि पायरीखालूनच हात लांबवून तिने माझ्यावर कागद लावला. रीतच तशी, कागद पुढच्या दारावर. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्यापाशी आले होते. चिकटपट्टीने माझे पोपडे ओढले गेले, तरी मला फार आनंद झाला.

त्या हिवाळ्यात समितीपुढे एकच विषय होता. डायलिसिसच्या रुग्णांना डोंगरापलीकडच्या इस्पितळात नेणारी गाडी बंद करावी, असे वरच्या मंडळाच्या मनात होते. शेजारची इर्मा त्याच गाडीने जायची. गाडी बंद झाली असती तर तिला हे गाव, हा समुद्र सोडून दूर परक्या शहरात खोली घ्यावी लागली असती आणि त्या वयात ती तिथे किती टिकली असती, हे कोणी बोलून दाखवत नव्हते. समितीने “गाडी ठेवा” असा ठराव केला तरच काही आशा होती. त्या एका आशेवर डेल्फीनाने बैठकीच्या संध्याकाळी घरून मत दिले आणि ठराव झाला.

पण त्याच वेळी पुढच्या पायरीवर बूट वाजले होते. हार्लन स्टाउट, तोच करवतीवरचा. गिरणी बंद पडली तसा तो प्रत्येक सरकारी बैठकीत जाऊन हरकती घेऊ लागला होता. त्याने माझा कागद वाचला, मूठ फिरवली आणि मला ढकलले. चौकटीने मला असे काही धरले होते की मी हललोच नाही. त्याने खांदा लावला. तरी नाही. डेल्फीना मागे स्वयंपाकघरात, कानांवर हेडफोन लावून बसलेली. तिला पत्ताही नाही.

हार्लनने लेखी हरकत घेतली की सभागृहाचे दार बंद होते आणि ठराव रद्द झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा पायरीवर हजर. डेल्फीना बाहेरून खुर्ची घेऊन आली ती भांडायच्या तयारीनेच.

“वाजवायचं होतंस की दार! हात मोडला होता का?”

“जनता दार वाजवत नाही. जनता आत येते. वाजवावं असं कायद्यात कुठं लिहिलंय, दाखव.”

“अरे, इर्मासाठी होता तो ठराव! तुझी सख्खी बहीण आहे ना ती?”

“म्हणून तर!” हार्लनचा आवाज चढला. “दार लावून ठराव केला असं उद्या वरच्या मंडळात कोणी म्हटलं तर इर्माची गाडी तिथंच गेली. मी बोललो ते बरं झालं. नाहीतर दुसरं कोणी बोललं असतं, तेही वेळ निघून गेल्यावर.”

डेल्फीनाची नजर खाली वळली. “आणि हातात काय आहे ते?”

“रंधा. जोआकिमला सांगितलं होतं मी, पाइन लावू नकोस.”

फुगली होती चौकट आणि रंधा चालला माझ्यावर! पण खरे सांगायचे तर त्या माणसाचा हात चांगला होता. त्याने बिजागऱ्यांना तेल दिले आणि मग एका बोटाने ढकलून पाहिले. मी उघडलो तो थेट भिंतीपर्यंत.

पुढच्या बैठकीला हार्लन न वाजवता आत आला, स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला आणि जनतेच्या बोलण्याची वेळ आल्यावर संगणकाकडे वाकून म्हणाला, “मागच्या इतिवृत्तात माझं नाव हार्मन लिहिलंय. मी हार्लन आहे.” त्या दिवशी ठराव होऊ शकला नाही, कारण दरड कोसळून दोन सदस्य वाटेतच अडकले होते. त्याच्या पुढच्या महिन्यात गणपूर्ती झाली नाही. हार्लन मात्र दर बैठकीला आला. आमच्या सभागृहातली जनता म्हणजे तो एकटाच. हरकत घ्यायचा, पाव खायचा, पावात वेलची कमी आहे अशीही हरकत घ्यायचा.

“वेलची घालतच नाही मी त्यात,” डेल्फीना म्हणायची.

“तेच म्हणतोय मी.”

मग मंडळाची निर्णयाची बैठक तोंडावर आली. त्याआधी समितीची एकच बैठक उरली होती आणि नेमकी डेल्फीना खुर्चीतून पलंगावर जाताना पडली. खुब्याचे हाड मोडले. इस्पितळातून घरी आणल्यावर तिचा पलंग पुढच्या खोलीत मांडला, बरोबर माझ्यासमोर. मी उघडलो की पहिली दिसणार ती. विस्कटलेले केस, अंगावर झोपायचा झगा आणि पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी. आजारपणात दार उघडे न ठेवता घरून भाग घेण्याची सवलत वर्षातून मोजक्याच वेळा मिळे, ती तिने वर्षाच्या सुरुवातीलाच वापरून संपवली होती. विषयपत्रिका माझ्यावर इर्मा लावून गेली. पट्टीवरून अंगठा बराच वेळ दाबत राहिली.

“तू नसलीस तर गणपूर्ती होत नाही, डेल्फीना,” फोनवर रोवेनाचा आवाज रडवेला झाला होता.

“मग काय करू? जनतेला ही पिशवी दाखवू?” डेल्फीना ओरडली आणि मग तिचा आवाज बसला. “मी राजीनामा देते, रोवेना. मला लाज वाटते गं.”

“आजचा दिवस थांब. आजचं मत दे आणि मग दे राजीनामा.”

बैठक सुरू झाली तेव्हा बाहेर पाऊस होता. डेल्फीनाने संगणकात फक्त चेहरा दिसेल असे केले, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि माझ्याकडे डोळे लावून पडून राहिली. ती मला घाबरत होती. मित्रांनो, ज्या बाईने मला वर्षानुवर्षे गुडघ्याने उघडले ती मला घाबरत होती, हे मला सोसवेना. मी पुन्हा अडकावे असे मला वाटले. पण अडकलो तर ठराव जाणार. दरवाज्याने करायचे तरी काय?

पायरीवर बूट वाजले. मूठ फिरली. मी पुरता उघडलो.

हार्लन उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याने आत पाहिले की नाही मला सांगता येणार नाही, इतक्या पटकन तो वळला. मग पावसाने भिजलेल्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला.

“माननीय सदस्या,” तो रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, “दार उघडं आहे. जनतेला आत यायची मुभा आहे का?”

डेल्फीनाने गळ्यापर्यंत धरलेली चादर सोडली. “आहे,” ती म्हणाली.

“मग इतिवृत्तात तसं लिहा. जनता हजर होती, दार उघडं होतं. जनतेला बाहेर बरं वाटतंय. आणि नाव नीट लिहा.”

“लिहिलं,” संगणकातून रोवेना म्हणाली. “हार्लन. मध्ये ल.”

सबंध बैठकभर तो तसाच बसून होता. टोपीवरून पाणी गळत होते. नावे पुकारून मते घेतली गेली आणि “अव्हिला?” असे विचारल्यावर डेल्फीना “हो!” म्हणाली ते शेजारी इर्मालाही ऐकू गेले असेल. ठराव झाला. बैठक संपली तसा हार्लन उठला, पाठमोराच आत आला, हाताने चाचपत माझी मूठ शोधली आणि बाहेर जाताना मला ओढून घेतले. एकदाही वळला नाही. त्या दिवसापासून मला तो माणूस फार आवडतो.

वरच्या मंडळाने सल्ला ऐकला. गाडी राहिली. डेल्फीना राजीनाम्याचे बोलली नाही आणि उन्हाळ्यापर्यंत पुन्हा खुर्चीत बसू लागली. पुढे कायदा बदलला. ज्या समित्या फक्त सल्ला देतात, त्यांच्या सदस्यांनी घरून बैठक केली तरी चालेल. पत्ता जाहीर नको, कागद नको, दार उघडे नको. लोकांनी संगणकावरून किंवा फोनवरून ऐकावे, बोलावे.

हार्लन भडकला. “म्हणजे कारभारी आपापल्या घरात आणि जनता तारेच्या टोकाला! कोण कुणाच्या सांगण्यावरून बोलतंय, कळणार कसं?”

“चेहरा दाखवावाच लागणार आहे, नीट वाच,” डेल्फीना म्हणाली. “फक्त पलंग दाखवावा लागणार नाही.”

हार्लन पाव चावत राहिला. “तेवढं बरोबर केलं त्यांनी,” असे तो शेवटी पुटपुटला. समितीतल्या रिकाम्या जागा लवकरच भरल्या. डोंगरातल्या वस्तीवरचा एक अंध गृहस्थ आला, आजारी मुलाला सोडून कुठे जाता न येणारी एक आई आली. ही माणसे इतकी वर्षे घरात होती, बोलायला तयार होती, आणि त्यांना येता येत नव्हते. मला त्यांच्यासाठी बरे वाटले.

माझा कागद मात्र निघाला. चिकटपट्टीचे चार डाग राहिले. मित्रांनो, मी काही सरकारी कागदासाठी रडणारा नाही. पण दरवाजा वापरात राहिला तरच चालता राहतो. म्हणून सांगतो, तुमच्या पुढच्या दाराला अधूनमधून तेल द्या, चौकट फुगली का पाहा, आणि मागचे दार सोयीचे असले तरी कधीतरी पुढून या. पुन्हा गंज चढणार, असे मी धरून चाललो होतो.

नव्या पद्धतीच्या पहिल्या बैठकीचा दिवस उजाडला. हार्लनला आता कुठे जायची गरज नव्हती, आपल्या घरून त्याला हव्या तितक्या हरकती घेता आल्या असत्या. आणि त्याने घेतल्याही. वेलचीची सोडून सगळ्या.

बैठक संपली आणि थोड्या वेळाने पायरीवर ओळखीचे बूट वाजले. मी ढकलले जाण्याच्या तयारीत होतो. पण त्याने ढकलले नाही. त्याने बोटे वाकवली आणि मला वाजवले.

“कोण?” आतून डेल्फीना म्हणाली. “जनता का?”

“जनता घरी गेली,” तो म्हणाला. “मी हार्लन. येऊ का आत?”

“बूट पूस आणि ये.”

त्याने बूट पुसले आणि मला हळूच ढकलले.