खुंटीवरून बाजारात

मित्रांनो, मी एक जुना ऊसतोडीचा कोयता आहे. लोहाराच्या भात्यापाशी जन्मलो, चांगुणाबाईच्या मुठीत वाढलो. उन्हाळ्यात मी खुंटीवर असायचो, पण त्याचं वाईट वाटत नसे. कारखाना सुरू झाला की बोलावणं यायचंच.

गेल्या हंगामात ऊस तोडणारं यंत्र, हार्वेस्टर, आलं आणि बोलावणं आलंच नाही. मला गंज चढला. चांगुणाबाई नवऱ्याच्या, सूर्यभानच्या, बाजरीत खुरपायला जाऊ लागली. त्या एवढ्याशा तुकड्यात सूर्यभान आणि त्याचे दोन भाऊ आधीच होते. एक खुरपायचा, दोघे तंबाखू मळायचे.

त्यांची मुलगी राजनंदिनी बारावीला. माझ्याखाली बसून ती अर्थशास्त्र पाठ करी. "हंगाम सरला की काम सरतं, ती हंगामी बेरोजगारी. तंत्र बदललं आणि हातचं कसब निकामी ठरलं, ती संरचनात्मक."

"तुजा धडा खुंटीला लटकलाय बघ," चांगुणाबाई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "आधी हंगामी हुता, आता ते दुसरं."

"आणि गरजेपेक्षा जास्त माणसं कामावर असतात, त्यातली काढली तरी पीक घटत नाही, ती छुपी."

चांगुणाबाई थबकली. "म्हंजी मीच की!"

सूर्यभान उखडला. "लई शानी! तू नसलीस तर बाजरी तनात जाईल."

"मग नसतेच. बघू."

तिने मला उतरवलं, धार लावली. शेजारच्या जोसेफभाऊंचं कडवळ, म्हणजे चाऱ्याची हिरवी ज्वारी, विकत घेऊन तोडलं आणि पेंड्या बांधून शुक्रवारी घोडेगावचा जनावरांचा बाजार गाठला. पहिल्या खेपेला निम्म्या पेंड्या परत आल्या. तरी पुढच्या शुक्रवारी ती हजर.

"मावशे, एवढुशी पेंडी?" टेम्पोत म्हैस चढवणारा एक जण म्हणाला.

"म्हशीला इचारा. लांबचा परवास तिला हाय, तुमाला न्हाई."

तो हसला आणि पेंड्या घेऊन गेला. मग गिऱ्हाईक तिला शोधत येऊ लागलं.

इकडे भावांनी तंबाखू आवरली. बाजरी दरवर्षीएवढीच झाली. सूर्यभानने रास न्याहाळली, मिशी चोळली. पुढच्या शुक्रवारी तो बाजारात आमच्या मागे उभा.

"मला बी काढ त्या छुपीतून."

"आधी पेंड्या उतरवा," चांगुणाबाई म्हणाली.

मित्रांनो, कसब खुंटीला टांगायची वेळ कुणावरही येईल. टांगा खुशाल, पण अधूनमधून काढून धार लावत जा. गंजलेलं पातं कुणी बाजारात नेत नाही.