पक्कं काम

पलंगावरच्या छताला चौथ्यांदा ओल धरली तेव्हा वहिनीने दिराला सांगणंच सोडून दिलं. याआधी तीनदा त्यानेच छप्पर दुरुस्त केलं होतं. घरात त्याला इंजिनियर म्हणत. त्याने हात लावलेला पंखा उलटा फिरायचा, तरीही म्हणत.

रविवारी सकाळी शिडी लावून ती स्वतःच वर चढली. छप्पर धुराड्याच्या भिंतीला टेकतं, त्या फटीतून पाणी शिरू नये म्हणून तिथे पत्र्याची पट्टी होती. पट्टीवर बोटभर डांबर थापलेलं.

"वहिनी, हात लावू नका!" दीर खालून ओरडला. "पक्कं काम आहे ते!"

पक्कं काम तिने उचकटलं. गंजलेला पत्रा हातातच तुटला. खाली प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांच्याखाली दिराचं जुनं बनियन, आणि त्या ओल्याचिंब बनियनमध्ये कबुतराचं मेलेलं पिल्लू. अळ्या नुसत्या वळवळत होत्या. वास नाकात गेला आणि तिला भडभडून ओकारी झाली. यातूनच गळणारं पाणी! परवा झोपेत एक थेंब ओठावर पडला होता. तिने बाहीने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, ओठ सोलवटेपर्यंत पुसलं.

"काय झालं?"

"तुमचं बनियन सापडलं, भाऊजी."

"हां, ते होय! तात्पुरतं कोंबलं होतं. मग राहूनच गेलं."

सगळी घाण तिने बादलीत भरून खाली सोडली. डांबर खरवडलं, भिंतीतली खाच साफ केली, नवा पत्रा काटकोनात वाकवून वरची कड खाचेत बसवली आणि फट सिमेंटच्या मसाल्याने बुजवली. मसाला वाळल्यावर संध्याकाळी वरून दोन घागरी पाणी ओतलं. आत थेंबही आला नाही.

हात तीनदा धुतले तरी वास जाईना. तेवढ्यात नवरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "झकास झालंय. फक्त आईला सांगताना त्याने केलं म्हण ना. उगाच वाईट वाटेल त्याला."

तिने त्याच्या स्वच्छ हातांकडे पाहिलं. अळ्या पाहूनही आली नव्हती अशी शिसारी तिला आली.

"आई!" तिने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "छप्पर मी दुरुस्त केलं. आधीचं काम अंगणातल्या बादलीत आहे, बघून घ्या."

सासूबाई बाहेर आल्या, बादलीत डोकावल्या आणि नाक दाबून मागे सरल्या. मग दोन्ही मुलांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "उचला. दोघंही."