ट्रॉम्बोन कुणाचा?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझा कान चुकत नाही. फुशारकी म्हणायची तर म्हणा, पण उत्तर फिलाडेल्फियात कुणालाही विचारा, आयडेला ब्रॅडकची फुशारकी कधी कुणाला खोटी पाडता आली का म्हणून.

दर शनिवारी दुपारी दोनला आम्ही प्रेंटिसच्या जोडेदुरुस्तीच्या दुकानात, मागच्या खोलीत जमतो. प्रेंटिस रेकॉर्ड लावतो. कुठली, ते त्याला एकट्यालाच ठाऊक, कारण लेबलवर त्याने चामड्याची गोल चकती ठेवलेली असते. आम्ही ऐकायचं आणि वाजवणारे कोण ते ओळखायचं. सुई उचलेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग उभं राहून नाव सांगायचं. आणि 'मला वाटतं' हे शब्द इथे चालत नाहीत. 'मला वाटतं' म्हणालात की प्रेंटिस हातातली हातोडी टेबलावर आपटतो आणि बसवतो खाली. माहीत असेल तर सांगा, नसेल तर गुपचूप कॉफी प्या. जो चुकेल त्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी मासे तळून आणायचे. अकरा वर्षं झाली हा खेळ चालू होऊन, आणि अकरा वर्षांत मी एकही मासा तळलेला नाही.

आमच्यातला ड्यूईट मात्र इतके मासे तळतो की त्याच्या कोटालाही वास येतो. पस्तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. ड्रम वाजवणारे बरोबर ओळखतो, पियानोत ठार ढ. आणि चौथा माझा नवरा, थर्मन.

थर्मनचं दुखणं वेगळंच आहे. जन्मभर तो शाळेत बॉयलर सांभाळत होता, पण तरुणपणी ट्रॉम्बोन, ती सरकत्या नळीची पितळी तुतारी, वाजवायचा. १९४१ साली ओरिन सॅटरफील्डच्या बँडने 'मंडे वॉश' नावाची रेकॉर्ड काढली. ती आमच्या भागात प्रत्येक घरात होती. लग्नात वाजायची, बारशाला वाजायची. तिच्या मधोमध ट्रॉम्बोन एकटाच वाजतो, आणि असा वाजतो की भांडी घासणारी बाई हात थांबवून उभी राहते. लेबलवर नाव आहे होबर्ट गेन्स. थर्मन म्हणतो, तो मी आहे.

त्याचं म्हणणं असं. त्या दिवशी होबर्टची बाल्टिमोरहून येणारी गाडी चुकली. रेकॉर्डिंगची खोली थर्मनच्या घरासमोरच होती. ओरिनने खिडकीतून हाक मारली, "तो येईस्तोवर तू ये रे, वाजव." थर्मनने दोनदा वाजवलं, ओरिन "झकास" म्हणाला आणि हा बॉयलरच्या पाळीवर पळाला. लेबलं आधीच छापून झाली होती म्हणून नाव होबर्टचं राहिलं.

ओरिन वारला, होबर्ट वारला. साक्षीला कुणी उरलं नाही. आमचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं, म्हणजे मी काही तिथे नव्हते. पण मला कान आहेत ना! रेकॉर्डवरचा ट्रॉम्बोन होबर्टचाच आहे. होबर्ट सूर असा सोडतो जसं कुणी दार हळूच लोटून घ्यावं. माझा थर्मन दार आपटतो. एकदा चर्चच्या जेवणात चारचौघांत त्याने आपली कहाणी सुरू केली, तेव्हा मी पटकन म्हणाले, "अरे, पुरे! तो होबर्ट आहे." सगळे हसले. थर्मन ओरडला नाही की रुसला नाही. बटाट्याचं सॅलड वाढून घेतलं आणि खाली मान घालून खात बसला. ती मान मला आजही दिसते. ह्या माणसाने मला आयुष्यात दुसरी एकही थाप मारलेली नाही, आणि ह्या एका बाबतीत त्याची स्वतःची बायको त्याला थापाड्या समजते. त्याला दुसरं काही नको होतं. पासष्टी उलटली, गुडघे गेले, दात गेले. एकदा कुणीतरी, आणि जमलं तर मी, म्हणावं की हो बाबा, तू वाजवलंस.

गेल्या ऑक्टोबरात प्रेंटिसकडे एक पाहुणी आली. ओरिनची मुलगी, व्हेल्मा. वडिलांचं घर आवरताना तिला टोपीच्या डब्यात एक तबकडी सापडली होती, लेबल नसलेली. ती तबकडी छातीशी धरूनच व्हेल्मा आत आली.

"मिस आयडेला, तुमच्या कानाची फार ख्याती ऐकली," ती म्हणाली.

"कानाची ऐकलीस, जिभेची नाही ऐकलीस?" ड्यूईट म्हणाला.

"ड्यूईट, तू मासे आणलेस का? मग ते वाढ."

प्रेंटिसने तबकडी लावली. पहिल्या चार सुरांतच आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. 'मंडे वॉश'! तोच बँड, तीच चाल, पण आमच्या घरातली रेकॉर्ड नव्हे. पियानो जरा घाईत होता, आणि ड्रमवाल्याने एके ठिकाणी गडबड केली होती. रेकॉर्डिंगच्या त्याच दिवशी वाजवून बाजूला टाकलेली खेप होती ती. थर्मन खुर्चीच्या कडेवर आला. 

मग ट्रॉम्बोन आला. वेगळाच होता. रेकॉर्डवरच्यासारखा एकही तुकडा नाही. जरा भित्रा, मग एकदम धीट, एका ठिकाणी सूर जवळजवळ हातून सुटलेला आणि झेलून घेतलेला. प्रेंटिसने सुई उचलली.

थर्मन ताडकन उभा राहिला. गुडघ्यांचं दुखणं कुठल्या कुठे गेलं.

"होबर्ट गेन्स!" तो म्हणाला. "हा होबर्ट! ऐकलंत? दोन ट्रॉम्बोन आहेत की नाही त्या दिवसाचे? एक रेकॉर्डवरचा, एक हा. म्हणजे मी निघून गेल्यावर होबर्ट आला, त्यानेही वाजवून बघितलं आणि ओरिनने माझंच ठेवलं! आता बोला!"

"दोन वेगळी माणसं आहेत, हे तर बहिरादेखील सांगेल," ड्यूईट म्हणाला. तोही उभा राहिला. "ब्रदर थर्मन, चाळीस वर्षं आम्ही तुला उगाच छळलं. मीही म्हणतो, हा होबर्ट. म्हणजे रेकॉर्डवरचा तू. हात दे इकडे."

दोघांनी असा हात मिळवला की टेबलावरच्या कपातली कॉफी हिंदकळली. थर्मनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसत होता. मग तो माझ्याकडे वळला. सगळेच वळले.

"बोल, बाई," थर्मन म्हणाला. "उभी राहा आणि सांग."

आता माझी पंचाईत बघा. मी ट्रॉम्बोन ऐकतच नव्हते. मी ऐकला होता त्याच्या आधीचा श्वास. प्रत्येक ओळीच्या आधी नाकातून एक बारीक शीळ, चहाच्या किटलीला वाफ धरते तशी. लहानपणी बेसबॉलचा चेंडू लागून थर्मनचं नाक वाकडं झालंय, आणि तोंडाने श्वास घे म्हणून संगीताच्या मास्तरांनी कितीही बडवलं तरी हा घाईत नाकानेच ओढायचा. ती शीळ अडतीस वर्षं माझ्या उशीशेजारी वाजते आहे. जगात दुसरा कुणी ती ओळखणार नाही, आणि मी ती ओळखली नाही तर मी मेलेली असेन.

म्हणजे हा थर्मन होता. माझ्या नवऱ्याने वाजवलं होतं. तो खरंच बोलत होता, चाळीस वर्षं, आणि मी त्याला लोकांत खोटं पाडलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

पण म्हणजे रेकॉर्डवरचा होबर्ट होता. तेही तितकंच खरं. जे ऐकून हा चाळीस वर्षं छाती फुगवत आला, घराच्या पायरीवर बसून नोटन् नोट गुणगुणत आला, ते ह्याचं नव्हतंच. जे ह्याचं होतं, ते समोर ठेवलं तर हा म्हणतो, होबर्ट!

मी उभी राहिले. खरं सांगितलं तर त्याच्या हातातली रेकॉर्ड जाणार होती, ती त्याला मिळून पुरतं एक मिनिटही झालं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि लग्नाच्या दिवशी पाद्रीबुवांनी विचारल्यावर जसा बघत होता अगदी तसा.

"होबर्ट गेन्स," मी म्हणाले.

ड्यूईटने शिट्टी मारली. थर्मनने मला असं मिठीत घेतलं की माझी टोपी पडली. प्रेंटिस हातोडी वाजवत सुटला. आणि त्या सगळ्या गोंधळात व्हेल्मा हात वर करून शाळेतल्यासारखी उभी.

"माफ करा," ती म्हणाली, "पण तुम्ही सुई लवकर उचललीत. ह्याच्यापुढे बोलणं आहे. कोण कुणाशी बोलतंय ते मला कळावं म्हणून तर मी आले."

मी "नको" म्हणायला तोंड उघडलं, तोवर प्रेंटिसने सुई ठेवलीही होती. खरखर झाली. खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग ओरिन सॅटरफील्डचा आवाज आला, चाळीस वर्षांपूर्वीचा, सर्दी झाल्यासारखा.

"छान रे, थर्मन. आभारी आहे. होबर्ट पोचलाय खाली. तू जा आता, तुझा बॉयलर विझेल. आम्ही त्याच्याबरोबर एकदा करून घेतो."

आणि दुसरा एक आवाज, तरुण, घाईतला: "होय साहेब."

खरखर चालूच राहिली. सुई उचलायचं कुणाला सुचेना. शेवटी ड्यूईटनेच उचलली. व्हेल्माला वाटलं आपल्या हातून काहीतरी वाईट घडलं, ती बिचारी कावरीबावरी झाली. मी तिला म्हणाले, "बस, मुली, तुझा काही दोष नाही."

थर्मन खाली बसला. त्याने तबकडीकडे बोट दाखवलं.

"हा मी," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

"आणि रेकॉर्डवरचा होबर्ट."

"हो."

"तू तर नेहमी म्हणायचीस."

"म्हणायचे मी. पण तू वाजवलंस, तेही खरं निघालं. आणि मी तुला लोकांत खोटं पाडलं, थर्मन. चुकलं माझं. ह्या सगळ्यांसमोर सांगते, चुकलं."

त्याने हात हलवला, जणू माशी उडवली. मग एकदम माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक करून.

"थांब. तुला आत्ता कळलं होतं. मघाशी, उभी राहिलीस तेव्हाच."

मी पडलेली टोपी उचलायला वाकले.

"आयडेला ब्रॅडक! तू जाणूनबुजून चुकीचं नाव सांगितलंस?"

"हो, सांगितलं! काय करणार आहेस? फासावर चढवणार आहेस?"

"प्रेंटिस, ऐकलंस? हिने चुकीचं नाव सांगितलं!" इतकी वर्षं रेकॉर्डवर आपण नव्हतो ह्याचाही त्याला जेवढा धक्का बसला नसेल, तेवढा ह्याचा बसला होता. "माझ्यासाठी?"

"नाही, तुझ्या शेजाऱ्यासाठी," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"तीन चुका!" प्रेंटिस म्हणाला. "तिघांनी मासे आणायचे. बाई, तुमच्या घरी तवा तरी आहे का?"

ड्यूईट पोट धरून हसायला लागला, व्हेल्माही हसली. थर्मन मात्र हसला नाही. त्याने माझा हात धरून मला शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"आता खरं सांग," तो म्हणाला. "तुझ्या कानाने, आणि माझी कीव न करता. दोघांत चांगला कोण?"

खोटं बोलायचा माझा दिवसभराचा साठा संपला होता.

"होबर्ट," मी म्हणाले. "फार नाही. पण होबर्ट."

थर्मनला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. हसता हसता डोळे पुसायला लागला.

"मग! चाळीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय? रेकॉर्डवर वाजवणारा तो माणूस भलताच भारी आहे म्हणून!"

मी त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. त्याने खुर्ची ओढत ओढत ग्रामोफोनच्या अगदी जवळ नेली, वाकडं नाक जवळजवळ तबकडीला टेकलं.

"लाव, प्रेंटिस," तो म्हणाला. "पहिल्यापासून लाव. आणि गप्प बसा सगळे. त्या पोराकडे इतकी वर्षं कुणी लक्ष दिलेलं नाही. मीसुद्धा नाही."