शिडीवरून दिसलेली लेक

एका समाजसेवी संस्थेच्या सभागृहातला पंखा दुरुस्त करायला वायरमन शिडीवर चढला होता. त्याची कॉलेजात शिकणारी लेक तिथेच इंटर्नशिप करत होती. घरी पाहुणे आले, की ही स्वयंपाकघरात दडी मारायची.

खाली खडाजंगी चालली होती. संध्याकाळी म्हाताऱ्यांना व्यायामासाठी सभागृह हवं होतं, पोरांना टेबल टेनिससाठी. लेक मधोमध उभी राहिली.

"आजोबा, आधी तुम्ही बोला. मग ही पोरं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही."

आधी आजोबा बोलले, मग पोरं. बोलता बोलता पोरांनीच टेबल व्हरांड्यात न्यायचं कबूल केलं. आजोबांनी वर एक डाव मागून घेतला.

"कोण हो ही?" शिडी धरलेल्या नव्या रखवालदाराने विचारलं.

"माझी लेक!" वायरमन इतक्या मोठ्याने म्हणाला, की सगळं सभागृह वर बघायला लागलं.