लीलाताईंची पट्टी

लेकीच्या, मोहनाच्या लग्नात तंतुवाद्यांचं शास्त्रीय संगीत हवं, असं माझी बहीण स्नेहलता म्हणाली, तेव्हाच माझे कान टवकारले. जिने उभ्या जन्मात रेडिओ फक्त बातम्यांपुरता लावला, तिला एकाएकी सतारीची ओढ लागावी, यात काहीतरी मेख होती.

मेख होती तिची नणंद. मोहनाची ही आत्या, लीलाताई, जुन्या शहरात, दांडिया बाजारात राहतात, आणि घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टका त्यांनीच म्हणायच्या, हा या घराचा कायदा. पट्टी काळी पाच, चांगलीच उंच. कोणा पेटीवाल्याने काळी चार सुचवली, तर त्यांनी त्याला मांडवातून परत पाठवलं होतं. पण मागच्या हिवाळ्यात भाचा सौमित्रच्या लग्नात वरच्या सुरावर त्यांचा आवाज फाटला. व्हिडिओवाल्याने कॅमेरा हळूच जेवणाच्या टेबलांकडे वळवला. तेव्हापासून सगळे लीलाताईंशी फार गोड बोलायला लागले, आणि ‘आता गाऊ नका’ म्हणायला मात्र कोणी पुढे येईना. म्हणून स्नेहलताची ही युक्ती: मंगलाष्टकांच्या जागी नुसतं वादन. शब्दच नाहीत, तर गाणाऱ्याला नको म्हणायचा प्रश्नच नाही.

“किती शोभून दिसेल, नाही का रे अविनाश?”

“दिसेल. ऐकायला कसं वाटतं ते बघू.”

रविवारी स्नेहलताच्या गोत्रीच्या फ्लॅटवर म्युझिक कॉलेजची दोन मुलं आली. समरजित सतार घेऊन, भक्ती व्हायोलिन घेऊन. लीलाताईंना मुद्दाम बोलावलं होतं. “तुमच्या कानाशिवाय निवड कशी करायची?” असं वर सांगून. बोलावणं मानाचं होतं, पण मला त्याला निरोपसमारंभाचा वास आला.

“यमन वाजवा,” मोहनाचे वडील जनार्दनराव म्हणाले. त्यांना यमन ओळखता येतो, म्हणून तो आवडतो.

“काका, मुहूर्त दुपारचा छे ने?” समरजित त्याच्या गुजराती-मिश्रित मराठीत अदबीने म्हणाला. “यमन संध्याकाळचा.”

“एसी हॉलमध्ये कुठे दुपार कळते?”

शेवटी त्याने दुपारचा सारंग वाजवला. छानच वाजवला. सगळ्यांच्या ‘वा’ होऊन गेल्यावर मी विचारलं, “पण अक्षता कधी टाकायच्या?”

मग मीच पुढे समजावलं.

“‘सावधान’ आलं की लोकांचे हात उठतात. इथे शब्दच नाही. अर्धे पहिल्याच झटक्यात मोकळे होतील, अर्धे मूठ मिटूनच जेवायला बसतील.”

स्नेहलताने माझ्याकडे असं पाहिलं, की रात्रीचं जेवण आपल्या घरी करावं हे मी ठरवून टाकलं. “भटजी म्हणतील की,” ती म्हणाली.

“भटजी नको,” मोहना म्हणाली. “आत्या म्हणेल. मला आत्याच हवी आहे.”

“मग आधी सांगायचं नाही?”

“तू विचारलंस कुठे, आई? तू थेट सतार घरी आणलीस.”

लीलाताईंनी उरलेला चहा संपवला, कप खाली ठेवला. “सौमित्रच्या लग्नात माझा आवाज फाटला हे मला माहीत आहे, वहिनी. मी तिथेच होते.”

आता कोण कुठे बघणार? जनार्दनरावांनी पंख्याकडे पाहिलं. मी चिवड्याकडे. भक्ती बिचारी परकी, तिलाच राहवलं नाही. “एकदा माझ्याबरोबर म्हणून बघता, मावशी?”

तिने काळी पाचला व्हायोलिन लावलं. लीलाताईंनी सुरुवात केली. खालच्या ओळी नीट गेल्या. वरची जागा आली, आवाज डगमगला आणि घसरला, पण त्याच्याबरोबर व्हायोलिनही इतक्या अलगद खाली आलं की घसरण म्हणजे जणू मूळची चालच.

“झालं की!” स्नेहलता म्हणाली. “कळलंसुद्धा नाही!” तिला मनापासून सुटका वाटली होती. वाईट नाही माझी बहीण. तिला फक्त चारचौघांत कोणाची शोभा झालेली बघवत नाही, मग ती टाळायला ती त्या माणसालाच बाजूला करते.

“पुन्हा,” लीलाताई म्हणाल्या. पुन्हा तेच झालं. त्या थांबल्या.

“मी घसरायच्या आधीच तू घसरतेस, बाळा.”

भक्ती लाल झाली. “तुम्हाला आधार म्हणून...”

“कळलं मला. हात गोड आहे तुझा. पण मला कोणी धरून उतरवायला नको. खाली यायचंच तर माझ्या पायांनी येईन.” आणि त्यांनी पट्टी स्वतःच खाली उतरवली. “काळी तीन घे.”

आपल्यासारख्याला यात काय वाटणार? चार खुंट्या पिळल्या, झालं. भक्ती खुंट्या पिळत होती, आणि लीलाताई मात्र राहतं घर रिकामं होताना बघावं तशा त्या व्हायोलिनकडे बघत होत्या.

त्या गायल्या. आवाज जाडसर, ओळखीचा नव्हे. वरची जागा आली, तिथे त्या पोचल्या. पूर्वीचं तेज नव्हतं, पण जे होतं ते उसनं नव्हतं. व्हायोलिन या वेळी त्यांच्या किंचित मागून आलं. ‘वा’ म्हणायची घाई कोणी केली नाही, त्यावरून मला कळलं की या वेळी सगळ्यांनी खरंच ऐकलं.

“असं चालेल,” लीलाताई मोहनाला म्हणाल्या. “सतार पाहुणे बसेपर्यंत, अंतरपाट धरला की व्हायोलिन. आणि दुसरं कडवं वहिनी म्हणतील. मला मध्ये श्वास लागतो आता.”

“मी?” स्नेहलता उडालीच. “अहो लीलाताई, मला कुठे येतंय गायला!”

“प्रत्येक लग्नात माझ्या शेजारी उभ्या राहून ओठ हलवता. मला काय दिसत नाही?”

स्नेहलताने आधी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. थट्टा करीन म्हणून वाट बघत होती. मी केली नाही. तिने ओढणी उगाच सारखी केली, घसा साफ केला आणि सुरू केलं, इतक्या हळू, की भक्तीला तिचा सूर शोधायला पुढे वाकावं लागलं.