नाक एक, बोलीदार दोन

‘लिलाव’ हा शब्द आपला वाटतो, पण मूळचा आपला नाही. पोर्तुगिजांच्या गलबतांतून तो किनाऱ्यावर उतरला आणि घाट चढून मराठवाड्यापर्यंत आला. शब्द परका असला, तरी त्याचा जुना अर्थ मला मान्य आहे : उघड्यावर, चारचौघांत, एकमेकांची तोंडे पाहत वाढवत नेलेली किंमत. यांतले ‘एकमेकांची तोंडे पाहत’ हे तीन शब्द वाचकांनी जपून ठेवावेत. पुढची सारी फजिती हे तीन शब्द गळाल्यामुळे झाली.

मी एक पाण्याची टाकी आहे. दोन चाकांवर आडवी निजलेली, ट्रॅक्टरमागे जोडली जाणारी. लोक मला ‘टँकर’ म्हणून हाक मारतात. मी त्या हाकेला ओ देते, एवढेच.

दोन हजार बाराच्या दुष्काळात चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. ज्याने माझे सांधे जोडले, त्या कारागिराने मला पाण्याने भरून थोपटले आणि मालकाला सांगितले, “देखो सेठ, एक बूँद बी गिरी तो मेरा नाम बदल देना.” पहिल्याच आठवड्यात माझ्या नळाखालून थेंब गळू लागला. त्या सद्गृहस्थांचे नाव अद्याप तेच आहे.

माझे तारुण्य शहरात गेले. शहर वाढत होते, म्हणून मी धावत होते. पुंडलिकनगरात मी वळण घेतले की गॅलऱ्यांतून हंडे, कळश्या, बादल्या खाली उतरत. एक गृहस्थ नेहमी प्रेशर कुकर घेऊन येत आणि झाकण मात्र घरी विसरत. रांगेतला प्रत्येक जण पुढच्याला ‘घाई करू नका’ असे सांगे आणि स्वतः घाई करी. मनुष्यस्वभावाचा एवढा अभ्यास एखाद्या प्राध्यापकालाही लाभत नसेल.

पुढे शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने बांधकामासाठी मला विकत घेतले. बांधकाम संपले, नळयोजना आली आणि मी कुंपणाला टेकले. तेथे पहारेकऱ्याचे पंचे वाळवणे हे माझे जीवितकार्य ठरले. एक चाक बसले. पोटात कबुतरांनी दोन वेळा संसार थाटला.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात कारखान्याने मला ऑनलाइन लिलावात काढले. छायाचित्र माझ्या उजव्या बाजूचे होते, कारण गंज डाव्या बाजूस होता. खाली लिहिले होते, ‘टाकी चालू स्थितीत. जशी आहे, जेथे आहे तत्त्वावर.’ यातील दुसरे वाक्य तंतोतंत खरे होते. पहिले मात्र चूक. मी कधीच चालत नव्हते; मला ओढत असत.

पाहणीसाठी दोन दिवस दिले होते. लिलावात भाग घेणाऱ्यांपैकी तिघेच आले.

पहिला भंगारवाला. त्याने मला हातोड्याने सात ठिकाणी ठोकले, गळता थेंब बोटावर घेतला आणि जोडीदाराला म्हणाला, “साठ तक लेंगे. उसके ऊपर एक रुपया नहीं. कटर लगाया तो दोपहर में खतम.” ‘खतम’ हा शब्द त्याने माझ्याबद्दल वापरला होता, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

दुसरे मुंजाबा. फुलंब्रीकडचे मेंढपाळ, वय साठीचे, डोक्याला तांबडा फेटा आणि नाक असे की फेट्याच्या आधी ते दिसावे. त्यांच्याबरोबर शेजारी कडुबा होता. ट्रॅक्टर त्याचा आणि लिलावाचा फोनही त्याचाच. मुंजाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, झाकण उघडून दात पाहावेत तसे आत पाहिले आणि नळ शेपटीसारखा उचलून धरला.

“कितव्या वेताची म्हणायची ही?” त्यांनी पहारेकऱ्याला विचारले.

“बाबा, टाकी आहे ती.”

“व्हय, पर गाभण दिसती.” आत कबुतरे होती, त्यांचा तो आवाज ऐकून ते म्हणाले. मग सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “लई भंगार माल हाय. फुकट दिली तर नेणार नाय!”

मला वाईट वाटले. पण कुंपणापलीकडे गेल्यावर ते कडुबाला कुजबुजले, “हीच घ्यायची. बोलू नको कुठं.”

ही त्या घराची रीत होती. गुरांच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरतो, आणि सौदा पुरा होईपर्यंत घरात बायकोमुलांपाशीही त्याचा उच्चार करायचा नाही. उच्चारला की दृष्ट लागते. मुंजाबांच्या आजोबांनी एकदा घरात सांगितले होते आणि घेतलेला मेंढा तिसऱ्या दिवशी विहिरीत पडला होता. तेव्हापासून घरातले सगळे खरेदीच्या बाबतीत मुके.

दुसऱ्या दिवशी तिसरा आला. शेजारच्या कंपनीत नोकरीला असलेला, पुंडलिकनगरात राहणारा तरुण, नाव अजिनाथ. चहाच्या सुट्टीत धावत आला, माझी चारही बाजूंनी छायाचित्रे काढली, एक माझ्यासोबत स्वतःचेही काढले. त्याने मान वळवली आणि मी थक्क झाले. तेच नाक! मी साच्यातून निघालेली वस्तू आहे. एका साच्यातला माल मला लांबून ओळखू येतो. पण टाक्यांना वेळेवर वाचा फुटत नाही.

त्या नाकाखालून तो फोनवर पत्नीला सांगत होता, “मेघा, आबाला काही बोलू नको हां. सौदा झाल्यावर नेऊन दारातच उभी करतो.”

प्रकरण असे होते. मुंजाबांची विहीर आटली होती. सरकारी पाणी माणसांपुरते येई, मेंढ्यांना कोण विचारतो? बानाबाईंची, म्हणजे मुंजाबांच्या पत्नीची, बहीण वच्छलाबाई हिच्या बोअरला पाणी होते. पण ते आणायचे कशात? टाकी मिळाली नाही, तर येत्या बाजारी सगळा कळप विकायचा, आणि बाजारात त्या दिवसांत मेंढीला मेंढीचा नव्हे, कोंबडीचा भाव मिळत होता. बानाबाईंनी कोकरे आणि लोकर विकून गाठीला बांधलेले चाळीस हजार नवऱ्याला दिले. नवऱ्याने ‘कशाला’ ते सांगितले नाही, तिने विचारले नाही. आठवड्याने मुलगा, अजिनाथ, आला. त्यालाही, अंगावरची बोरमाळ मोडून, तिने तेवढेच दिले. त्यानेही तिला सांगितले नाही; रीतीतून त्याने फक्त मेघाला वगळले होते. रीत म्हणजे रीत.

लिलावाच्या दिवशी मी शेंद्र्यात होते. पुढची हकिकत मला नंतर, फुलंब्रीच्या वाटेवर, बापलेक आणि कडुबा या तिघांच्या भांडणातून मिळाली. म्हणून ती विश्वसनीय आहे.

अजिनाथ ‘देवाचं काम आहे’ असे सांगून गावी आला आणि रेंजसाठी घराच्या स्लॅबवर जाऊन बसला. मुंजाबा ‘पाय मोकळे करतो’ म्हणून कडुबासह मेंढवाड्यामागे गेले. मध्ये अंगणात चुलीपाशी बानाबाई भाकरी थापत होत्या. लिलाव तिनाला संपायचा होता. पण नियम असा की शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली वाढवली, तर आणखी पाच मिनिटे मिळत. पडद्यावर बोलीदारांची नावे नसतात, नुसते आकडे असतात. गुरांच्या बाजारात भाव झाकलेला आणि माणूस उघडा. येथे भाव उघडा आणि माणूस झाकलेला. मुंजाबांचे आयुष्यभराचे शहाणपण नेमके उलटे टांगले गेले होते.

चाळीस हजारांवर थांबायचे, असे दोघांनीही मनाशी ठरवले होते. चाळीस आले.

“आबा, बास?” कडुबाने विचारले.

“थांब जरा. तो दुसरा सोडंना गेलाय. एवढ्या हट्टानं मागतोय म्हंजी माल नक्की चांगला हाय. वाढव!”

स्लॅबवर अजिनाथ पत्नीला फोनवर सांगत होता, “कुणीतरी लई जाणकार माणूस लागलाय मागं. त्याला काहीतरी ठाऊक असणार. मी वाढवतो.”

अशा रीतीने दोघांनी परस्परांच्या हट्टालाच माझ्या गुणांचे प्रशस्तिपत्र मानले. साठ गेले. पासष्ट गेले.

“कोण हाय रं ही अवदसा?” मेंढवाड्यामागून आवाज आला. “याच्या बापानं याला काय वळण लावलंय का नाय?”

“म्हातारं असणार कुणीतरी,” स्लॅबवरून आवाज आला. “हेकट! घरचे कसे झेलत असतील?”

बानाबाईंचा हात परातीत थांबला. मेंढ्या राखणाऱ्या बाईचे कान तयार असतात. एका टोकाला कोकरू ओरडले की दुसऱ्या टोकाची कोणती मेंढी उत्तर देते, ते तिला कळते. वर ‘वाढवलं!’ झाले की मागे शिवी होत होती. मागे ‘वाढव!’ झाले की वर कण्हणे होत होते. पण सौद्याविषयी बोलायचे तर नव्हते. त्यांनी काहीच न बोलता परीक्षा घ्यायचे ठरवले.

“अजिनाथ!” त्यांनी हाक मारली. “खाली ये. भाकर गरम हाय.”

“आई, पाच मिनिटं!”

“आत्ता! का मी वर येऊ?”

आई वर येणार म्हटल्यावर तो खाली आला. फोन वर तसाच चालू राहिला, पलीकडे मेघा.

मेंढवाड्यामागची शिवी थांबली. मग कडुबाचा आवाज, “आबा, थांबला की तो!”

“घाबरला!” मुंजाबा गर्जले. “अजून एक हजार वाढव, पळूनच जाईल!”

“आबा, आपलीच बोली वर हाय.”

“असूं दे, दणका बसंल!”

“अवं!” बानाबाईंनी पीठ लागलेला हात उगारला. “तुमी बी या. गप बसून जेवा.”

बाप आणि लेक समोरासमोर बसले. पाच मिनिटे भाकरी मोडल्याचाच आवाज येत होता. मग कडुबाच्या हातात फोन वाजला आणि तो ओरडला, “आबा, सुटली! एकाहत्तरला आपली झाली!”

अजिनाथच्या हातातला घास ताटात पडला. “आबा… शेंद्र्याची टाकी?”

“तुला कसं ठावं?”

“झाला ना सवदा?” बानाबाई म्हणाल्या. “आता दोघं बी तोंड उघडा. इतका वेळ मेंढरासारखं टकरा घेत व्हता एकमेकांना.”

मुंजाबांना प्रथम राग आला, मग भीती वाटली. खिशात चाळीस आणि बोली एकाहत्तरची. मुदतीत रक्कम भरली नाही, तर अनामत बुडणार, टाकी जाणार आणि टाकीमागून कळपही जाणार. ते मेंढवाड्याकडे बघत राहिले.

“तिकडं काय बघता?” बानाबाई म्हणाल्या. “उरलेले समोर बसलेत. मीच दिलेत.”

अजिनाथने खिशातले नोटांचे पुडके काढून बापाच्या ताटाशेजारी ठेवला. फोनवरून मेघा इतकी हसली की स्लॅबवरचा आवाज अंगणात ऐकू आला.

आता मी मेंढवाड्याशेजारी राहते. कडुबाचा ट्रॅक्टर मला दररोज वच्छलाबाईंच्या बोअरवर नेतो. कळप आहे तेवढा आहे. नळाखालचा थेंब अजून गळतो. त्याखाली बादली टांगली आहे आणि ती एका लंगड्या मेंढीने स्वतःची ठरवून टाकली आहे. दुसरीने तोंड घातले तर ती मला धडक मारते. मला का, हे मला समजलेले नाही.

बोली लावणाऱ्या सज्जनांना माझी विनंती एवढीच की वस्तूची डावी बाजू पाहावी, दुसऱ्याच्या हट्टाला वस्तूचा गुण समजू नये आणि बोली लावण्याआधी घरात एकदा विचारून घ्यावे. मेंढा विहिरीत पडला, तो विहिरीला कठडा नव्हता म्हणून.

फुलंब्रीच्या बाजारात ही गोष्ट अजून सांगतात : बापलेकांनी एकमेकांवर चढाओढ करून चाळीस हजारांची टाकी एकाहत्तरला घेतली. सांगणाऱ्यांची चूक ‘चाळीस हजारांची’ या दोन शब्दांत आहे. मला न्यायला कडुबाचा ट्रॅक्टर आला, त्या दिवशी भंगारवालाही दुसरा माल उचलायला आला होता. मला पाहून तो हळहळला, “साठ तक गया मैं. आगे दो पागल लग गए.” दोघांपैकी एकटाच कोणी असता, तर त्याच्या खिशात चाळीसच असते; तो थांबला असता किंवा हट्टाने वाढवूनही रक्कम भरू शकला नसता, मी याच्या कटरखाली गेले असते आणि कळप बाजारात. साठपर्यंतची किंमत माझी होती. मूर्खपणा फक्त अकरा हजारांचा झाला. यापुढे सांगताना आकडा तेवढा दुरुस्त करून सांगावा.