सुतकातला लसूण

वरच्या वाडीत चांगूच्या अंगणात रोज तिन्हीसांजेला पाय ठेवायला जागा नसे. पोलादपुराहून चढण चढून आलेले लोक, पलीकडच्या डोंगरावरची म्हातारीकोतारी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळी दाटीवाटीने बसून आतून बोलावणं येण्याची वाट बघत. चांगू तापाने जाऊन आठवडा होत आला होता. मेलेला चांगू रोज संध्याकाळी माजघराच्या भिंतीवर आपला हात दाखवतो, ही बातमी सावित्रीच्या दोन्ही काठांवर पसरली होती.

ही किमया महिपत भगताची. माणूस जिथे मेला तिथे पीठ पसरून दुरडीखाली दिवा ठेवायचा आणि पिठात कसलं पाऊल उमटतं ते बघायचं, हा रिवाज घरोघरचा. पण भगताचं म्हणणं असं की, पीठ फक्त पुढचा जन्म सांगतं, आत्म्याला काय सलतंय ते भिंतच सांगते. तेव्हा तो अंगभर घोंगडी लपेटून त्या बिनखिडकीच्या माजघरात शिरे, भिंतीला टेकून काहीबाही पुटपुटे आणि दिवा मालवायला सांगे. काळोख झाला की भिंतीवर हिरवट पंजा उजळे. त्यातून धूर निघे, आणि धुराला लसणाचा वास येई.

त्या वासानेच माणसं गारठली. सुतकाच्या घरात फोडणी नाही की लसूण नाही, चुलीवर नुसता अळणी भात. शिवाय चांगूला लसणाच्या चटणीचं भारी वेड. मुंबईला गिरणीत परत जाताना त्याची आई ठमाबाई डबा भरून चटणी कुटून देई. म्हणजे हा वास दुसऱ्या कुणाचा असणार? म्हातारी त्या हातापुढे बसून जेवलास का, तहान लागली का, असं विचारत राही. हात विझला की तिचं तोंड इतकंसं होई.

हात नुसता दिसता तर गोष्ट निराळी होती. पण तो रोज थोडा सरकत होता. नवी विधवा म्हणून चांगूची बायको तुळसा माजघराचा कोपरा धरून बसलेली, आणि हात त्या कोपऱ्याकडे चालला होता. भगताने अर्थही सांगून टाकला होता.

"तेराव्याला हात हिच्या गळ्याला भिडंल. त्याच्या आदी हिला वाडीभायेर काडा. नवरा हिनंच खाल्ला हाय."

तुळसाचा गुन्हा एवढाच की, नवरा तापाने फणफणत असताना तिने भगताचा अंगारा चुलीत टाकला आणि महाडच्या डॉक्टरकडून हिवतापावरचं कोयनेल आणलं. औषधाला उशीर झाला होता आणि चांगू गेला. चांगूला बायकोचा राग आला होता की नाही कोण जाणे, भगताला मात्र आला होता. उद्या सगळी वाडी डॉक्टरकडे जाऊ लागली तर याच्या अंगाऱ्याला कोण विचारणार? तुळसाने माहेरी जायचं आणि तिच्या दहा वर्षांच्या लेकीने, रखमाने, आजीपाशी राहायचं, असं वाडीतल्या मोठ्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

ही सगळी हकिकत पोलादपूरच्या शाळेत गंगाधर मास्तरांच्या कानांवर आली होती, आणि त्यांनी ती हसण्यावारी नेली होती. मास्तर दिवसा हसत. त्यांची बायको अनुपमा गेल्या वर्षी गेली होती. तिची शाल अजून खुंटीवर होती आणि संध्याकाळी दिवा लावताना त्या खुंटीकडे बघायचं ते टाळत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी शेवटच्या तासाला मास्तर मूलद्रव्यांचा खेळ घेत. अभ्यासक्रमात तो कुठेच नव्हता, आणि शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांना कळलं असतं तर त्यांनी मास्तरांची चांगलीच हजेरी घेतली असती. एकाने मूलद्रव्य व्हायचं, आपले गुण सांगायचे आणि बाकीच्यांनी ओळखायचं. सोनबा लोखंड झाला आणि मला पावसाळा सोसत नाही म्हणाला. कुणी पारा होऊन बाकांमधून घरंगळून आलं. रखमा सुतक असूनही शाळेत यायची, कारण शाळेत उजेड असे. इतर पोरं तिला शिवत नसत. ती एकटी दाराशी बसे.

शेवटी मास्तर स्वतः उभे राहिले. "मी पाण्याखाली राहतो. हवेत आलो की धुमसतो. काळोखात उजळतो. माझ्या अंगाला लसणाचा वास येतो. मी कोण?"

कुणालाच येईना. मग दाराशी रखमाने बोट वर केलं.

"माजा बा," ती म्हणाली.

वर्गात कुणी हसलं नाही. निम्म्या पोरांनी तो हात पाहिला होता. मास्तरांच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. हाताचं त्यांनी ऐकलं होतं, वासाचं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी रखमाला जवळ बोलावून सगळं विचारून घेतलं आणि मिळेल त्या मोटारीने महाड गाठलं. तिथल्या इंग्रजी शाळेत त्यांचा स्नेही शरद शास्त्र शिकवी. त्याच्या कपाटात पाण्यात बुडवलेला, मेणासारखा स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, तुकडा होता. मास्तरांच्या कोड्याचं उत्तर तेच. शरदने त्यातला कपचा खोबरेल तेलात विरघळवून कुपी घट्ट बूच लावून दिली आणि तेलाला बोट लावू नकोस, भाजेल, असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर माजघरात माणसांत अंग चोरून बसले. दिवा मालवला आणि हात उजळला. काय बघणार आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, खिशात त्याचीच कुपी होती. धूर हळूहळू वर चढत होता, ठमाबाई पुटपुटत होती, आणि तरीही क्षणभर मास्तरांची नजर त्या भिंतीवर दुसराच एक हात शोधू लागली. मग कोपऱ्यात तुळसाचा दबलेला हुंदका ऐकू आला आणि ते भानावर आले.

"रखमा, इकडे ये बाळ," ते म्हणाले. "भिंतीवर पंजा टेक."

तिने टेकला. काडीला गुंडाळलेली चिंधी कुपीत बुडवून मास्तरांनी तिच्या बोटांच्या कडेकडेने, कातडीला न लावता फिरवली आणि तिला हात काढायला सांगितलं. बापाच्या पंजाशेजारी लेकीचा चिमुकला पंजा उजळून आला. त्यातूनही धूर निघाला, त्यालाही लसणाचा वास आला.

"चांगू मेला म्हणून त्याचा हात उजळतो म्हणता," मास्तर म्हणाले. "मग रखमा जिवंत असून तिचा कसा उजळला?"

भगत काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. बापानं पोरीलाबी धरली, असं तो गरजला, आणि बाया दाराकडे सरकू लागल्या. खेळ हातचा जातो की काय असं मास्तरांना वाटलं, पण तेवढ्यात ठमाबाई उठली. नातीचं नाव निघालं तशी म्हातारीच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. काळोखात चाचपडत ती भगतापाशी गेली आणि त्याची घोंगडी तिने ओढून काढली.

घोंगडीत दडवलेला भगताचा उजवा पंजा हिरवट उजळत होता.

कुणीतरी दिवा लावला. भगताच्या तळव्यावर भाजल्याचे फोड होते, आणि कमरेला तेलात भिजल्या चिंधीची डबी. मुंबईत तो एका औषधवाल्याकडे उंदराचं विष घोटायच्या कामाला होता, तिथे ही विद्या मिळाली, हे त्याने मग आपणहून कबूल केलं. दिवा असताना भिंतीवर नुसता तेलकट डाग दिसे, काळोखात त्याचा हात होई. तो रोज सरके, कारण भगत रोज सरके.

मास्तरांनी फार भाषण केलं नाही. "मेलेला माणूस भिंतीवर हात उमटवत नाही. कुणी उमटला म्हणालं तर आधी दिवा लावा आणि सांगणाऱ्याचा हात बघा. ताप आला तर डॉक्टरकडे जा, उशीर करू नका. आणि भिंतीवरच्या डागापायी जितं माणूस घराबाहेर काढू नका."

माणसं खाली माना घालून निघून गेली. ठमाबाई भिंतीशीच उभी होती.

"मास्तर, मंग माजा चांगू कुटं हाय?"

"ते मला ठाऊक नाही, आजी," मास्तर म्हणाले. "माझीही एक गेली आहे. मलाही ठाऊक नाही."

घरी आल्यावर त्यांनी खुंटीवरची शाल काढली, घडी घातली आणि पेटीत ठेवली.

तेराव्यानंतर मास्तर वाडीवर गेले तेव्हा अंगणातच त्यांना लसणाचा वास आला आणि पाय थबकले. ठमाबाई पाट्यावर चटणी वाटत होती. मिरचीने की कशाने, डोळे पाण्याने भरले होते. तिने माजघराच्या कोपऱ्याकडे तोंड करून हाक मारली.

"तुळशे, ऊठ गो. किती दिस बसशील तितं? हात कर पुडं, चव बघ."

आणि तुळसा कोपऱ्यातून उठून उजेडात आली.